गोळी घेतली असेल तर एक दाबा

माझा आवाज वऱ्हाडात माझ्या कितीतरी आधी पोचला होता. मी गेले ती या फेब्रुवारीत. आवाज मात्र अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शेकडो घरांत रोज सकाळी आठ वाजता न चुकता जात होता. "नमस्कार ताई, मी मंजिरी बोलतेय. आज रक्तदाबाची गोळी घेतलीत का? घेतली असेल तर एक दाबा. घेतली नसेल तर दोन दाबा." पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. डॉक्टरांचा सल्ला लोकांना समजेल आणि पाळता येईल अशा रूपात बसवून द्यायचा, हा आमचा उद्योग. हा फोन आम्ही आधी पुण्यातल्या वस्त्यांसाठी बनवला. माझा आवाज मऊ आहे असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून मलाच माईकसमोर बसवलं. तिथे तो फोन इतका चालला की तोच उचलून वऱ्हाडात नेला. गावं बदलली, माणसं बदलली, आवाज तोच राहिला.

गंमत अशी की पुण्यात माझा आवाज ऐकायला कुणी नाही. आई गेल्यापासून घरात मी एकटी असते. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाले की सोमवारपर्यंत दूधवाल्याशी काय बोलेन तेवढंच. सोमवारी पहिलं वाक्य बोलताना घसा खाकरावा लागतो.

मला पाठवलं ते दोन कोडी घेऊन. वलगावच्या भाजीवाल्या बायका रोज इमानेइतबारे एक दाबत होत्या आणि तरी त्यांचा रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता. दुसरं कोडं म्हणजे शेंदूरजनाघाटच्या यमुनाबाई. एकट्या राहणाऱ्या या म्हाताऱ्या बाईंनी आजवर एकदाही एक दाबलं नव्हतं, आणि दोनही नाही. असं कुणी सलग सहा महिने काहीच दाबलं नाही तर आमचं यंत्र महिनाअखेरीला ते नाव आपोआप गाळतं, आणि यमुनाबाईंचे सहा महिने आता भरत आले होते. नाव गळलं की फोन बंद, आणि फोनबरोबर दर महिन्याला घरी येणारी नर्स आणि तिच्या पिशवीतल्या गोळ्याही बंद. "जाऊन बघा तरी, बाई आहेत ना," असं आमचे साहेब म्हणाले आणि मी बॅग भरली.

वलगाव

अमरावतीला लॉजवर उतरले. मॅनेजरने नाव लिहून घेता घेता विचारलं, "एकट्याच?" खानावळीतल्या वाढप्याने विचारलं. रिक्षावाल्याने तर घरी कोण कोण असतं इथपासून लग्न का नाही केलं इथपर्यंत सगळं विचारून घेतलं, तेही पुढच्या चौकापर्यंतच्या प्रवासात. पुण्यात असं कुणी विचारत नाही. तिथे समोरच्या दाराला आठवडाभर कुलूप दिसलं तरी आपण कशाला विचारा, अशी सभ्यता. इथे विचारतात, आणि उत्तर ऐकून चेहराही पाडतात. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला. संध्याकाळी गाडीवर उभं राहून गिलावडा खाल्ला. दह्यात बुडवलेला वडा, वरून तिखट-गोड चटणी, झकास लागतो. शेजारच्या टोळक्यातल्या मुली एकमेकींच्या द्रोणात चमचे घालत होत्या. मी माझा द्रोण लवकर संपवला आणि खोलीवर गेले.

वलगाव अमरावतीपासून जवळच आहे. तिथे निर्मलाबाई भेटल्या. पन्नाशीच्या, माळ्याच्या घरातल्या. घरच्या शेतात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि धुऱ्याला, म्हणजे बांधावर, झेंडू. नवरा आणि मुलगा पिकवतात, विकायचं काम निर्मलाबाईंचं. मी तोंड उघडून नमस्कार केला तशी त्यांनी मान तिरकी केली. "बसस्टँडवर गाड्या सांगते, तेच का तुमी?" जमलेल्या बायका खो खो हसल्या. मग कुणीतरी म्हणालं की नाही, ही गोळीवाली. मला ओळख पटल्याचं समाधान वाटलं, पण ते फार टिकलं नाही. बरोबर आलेल्या नर्सने निर्मलाबाईंचा रक्तदाब मोजला, आकडा बघून पट्टा सोडला, पुन्हा बांधून मोजला आणि मला डोळ्यांनीच खूण केली. निर्मलाबाईंनी त्या सकाळीही एक दाबलं होतं.

मी त्यांना गोळ्यांबद्दल विचारलं. घेते ना, रोज घेते, असं त्यांनी अगदी गोड सांगितलं. खोदून विचारलं तरी तेच. मग मी म्हटलं, उद्या तुमच्याबरोबर बाजारात येते. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. इथल्या भाजीवाल्या बायकांचा आठवडा असा की एक दिवस या गावचा बाजार, दुसऱ्या दिवशी त्या गावचा, आणि मधल्या एखाद्या दिवशी घर.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही मालवाहू ऑटोत वांग्यांच्या पोत्यांवर बसून निघालो. बाजार म्हणजे गावाबाहेरचं उघडं मैदान. पोतं अंथरलं, वांग्यांचे ढीग लागले आणि मी त्यांच्याशेजारी बसले. येणारा-जाणारा मला बघून थबकत होता, मग विचारत होता, आणि निर्मलाबाई सांगत होत्या, "पुन्याच्या मॅडम हायेत, पाहुन्या." पाहुण्या म्हटल्यावर चहा आला. शेजारच्या मिरचीवालीने चहा मागवला. लसूणवाल्यानेही मागवला. नाही कसं म्हणणार? त्यात ऊन चढलं तशी मी माझी पाण्याची बाटलीही संपवली. उन्हात पाणी भरपूर प्या, हे मीच त्या फोनवर सांगत असते.

व्हायचं तेच झालं. दहाच्या सुमाराला मला लघवीला लागली. मी निर्मलाबाईंना हळूच विचारलं की इथे बायकांसाठी सोय कुठे आहे. त्यांनी मिरचीवालीकडे बघितलं, मिरचीवालीने लसणाकडे बघितलं आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. सोय नव्हती. मैदानाच्या कडेच्या बाभळी पुरुषांच्या ताब्यात होत्या. मी दम धरला. अर्ध्या तासाने माझ्या घामाचं कारण ऊन राहिलं नव्हतं. शेवटी मी रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात गेले आणि तिथल्या बाईंना सरळ सांगितलं. त्यांनी माझी साडी बघितली, बोलणं ऐकलं आणि मागचं दार उघडून दिलं. परत आले तेव्हा निर्मलाबाई शांतपणे वांगी पुसत होत्या. पहाटेपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. माझ्यासाठी आलेल्या चहातला त्यांचा वाटा त्यांनी दरवेळी मिरचीवालीच्या नवऱ्याला दिला होता. ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"तुम्हाला ते दार उघडतील?" मी विचारलं.

"आमाले कावून उघडतीन? रोजचेच आमी." मग गिऱ्हाईक गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, ते गोयी घेतली का घडीघडी उठा लागते. घरी ठीक हाय. बाजारात कुठी उठू?"

गोळी लघवी वाढवणारी होती. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली होती, म्हणजे रात्री झोपमोड नको. पुण्यातल्या वस्तीत ते बरोबर होतं. इथे बाजाराच्या दिवशी ती घेणं म्हणजे शिक्षा, आणि बाजाराचे दिवस आठवड्यात घरच्या दिवसांपेक्षा जास्त. एवढं साधं कारण कुणालाच कसं कळलं नाही, याचं कारण मीच होते. मी विचारलं, मग दोन का नाही दाबलं? निर्मलाबाई खरंच अवघडल्या. "तुमी एवढ्या लांबून, एवढ्या मायेनं इचारता. रोज रोज नाही म्हनलं तं तुमाले वाईट वाटन."

संध्याकाळी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलले. बाजारातून आल्याबरोबर, चारच्या सुमाराला गोळी घेतली तर चालेल, झोपेपर्यंत काम उरकतं, असं ते म्हणाले. वेळेचा प्रश्न सुटला. पण वेळ बदलून माझा आवाज तोच राहिला असता तर निर्मलाबाईंनी चार वाजताही मला वाईट वाटू नये म्हणूनच एक दाबलं असतं. पुण्यातल्या बायका माझ्या मऊ आवाजाला बिनदिक्कत दोन दाबायच्या, वर परत फोन करून भांडायच्या. इथे परक्या माणसाने गोड विचारलं की त्याचं मन राखायचं असतं. घरच्या माणसाला काय वाटेल ते तोंडावर सांगायची मुभा, परक्याला नाही. माझ्या आवाजाने त्यांना परकं ठेवलं होतं. आवाज बदलायला हवा होता. हे मीच लॉजवरून साहेबांना फोन करून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. त्या घरांत जाणारी माझी तेवढीच एक गोष्ट होती.

बाळापूर

नवा आवाज अकोल्याच्या बाजूला मिळाला. बाळापूरला ज्योती नावाची आशाताई आहे. घरची काळी कसदार जमीन, त्यात हरभरा, आणि घराघरांत जाऊन बायकांची तब्येत बघायचं तिचं काम. मी पोचले तेव्हा ती गल्लीच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या बाईला, लसीचा दिवस विसरलीस तर याद राख, असं सांगत होती. ती बाईही तिथूनच तिला काहीतरी सुनावत होती आणि दोघीही चिडलेल्या नव्हत्या.

ज्योतीने आधी जेवायला बसवलं. ओल्या हरभऱ्याचे सोले घातलेली वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, जो मी कौतुकाने घेतला आणि मग पाण्याने गिळला. सगळं घर माझं तोंड बघून हसलं. तिची सासू म्हणाली, पुण्याची जीभ साखरेत ठेवलेली असते. जेवताना पाचजणांचं एकमेकांत न मिसळता एकाच वेळी बोलणं चाललं होतं. मला मधूनच वाटत होतं की इथून उठून गेले की हे काहीच ऐकू येणार नाही. दुपारी ज्योती मला किल्ला आणि नदीकाठची जुनी दगडी छत्री दाखवायला घेऊन गेली. छत्रीच्या दगडात गारवा होता, आम्ही तिथे जरा बसलो. ती सारखी फोनवर बोलत होती. मी पाण्याकडे बघत होते.

आवाज घरीच घेतला, दार लावून. मी लिहून दिलेला मजकूर तिने एकदा वाचला, बाजूला ठेवला आणि स्वतःच्या मनाने बोलली. "मी ज्योती बोलून राहिली. गोयी घेतली का? घेतली असन तं एक दाब. नसन घेतली तं दोन दाब, लाजू नको. अन् खरं सांगजो." एवढंच. तिथूनच तो निर्मलाबाईंना फोनवर ऐकवला. पलीकडून त्या म्हणाल्या की हिला नाही म्हणता येईल, ही घरच्यासारखी रागावते.

पुढच्या महिन्यापासून सगळीकडे ज्योतीचा आवाज जायचं ठरलं. काम फत्ते झालं होतं. साहेबांनी शाबासकी दिली. मी अकोल्याच्या स्टँडवर बसून ती शाबासकी ऐकली आणि ती कुणाला सांगावी असा विचार करत पुढच्या गाडीची वाट बघत राहिले.

शेंदूरजनाघाट

वरूडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा सुरू होतात. पावसाच्या तोंडावर फुललेल्या मृग बहराची फळं उतरवायचं काम चाललं होतं. झाडाखाली केशरी ढीग, प्लास्टिकचे क्रेट, आणि हवेला सालीचा तिखट वास. बाजारात आपण संत्र्याचा जो वास घेतो तो त्याच्यापुढे शिळा म्हणायचा.

यमुनाबाईंचं घर बागेच्या तोंडाशीच होतं, दोन खोल्यांचं, सिमेंटचं. मला धास्ती होती. काहीच न दाबणारं माणूस म्हणजे आजारी, बहिरं किंवा गेलेलं, असाच आमचा अनुभव. मी फाटकाची कडी वाजवली आणि विचारलं, "यमुनाबाई आहेत का घरी?"

आतून आवाज आला, "मंजिरी आली का व?"

मी फाटकातच उभी राहिले. आईनंतर मला नुसत्या आवाजावरून असं कुणी ओळखलं नव्हतं. सत्तरीच्या, ठेंगण्या, हातात भांडं घासायची राख असलेल्या एक बाई बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की मी त्यांना वाटलं त्यापेक्षा जाड आहे.

त्यांना काकू म्हणायला मला वेळ लागला नाही. दोन मुलगे, एक नागपूरला, एक पुण्याला, आमच्या घरापासून फार लांबही नाही. नवरा गेल्यावर बागेची फळं त्या झाडावरच व्यापाऱ्याला देतात. उतरवणीचे चार दिवस माणसांची वर्दळ असते, मग बाग आणि त्या. गोळ्या विचारल्या तर त्यांनी फळीवरून पाकिटं काढून दाखवली. एकही गोळी चुकलेली नव्हती. नर्सला तिथूनच फोन लावून विचारलं, यांचा रक्तदाब अगदी व्यवस्थित होता. म्हणजे वलगावला घेत नव्हत्या त्या एक दाबत होत्या, आणि इथे घेणाऱ्या बाईंचं नाव गळायला निघालं होतं.

"काकू, मग तुम्ही एक का दाबत नाही?"

"एक दाबलं का तू चुप होते," त्या म्हणाल्या. "नाही दाबलं तं तीन डाव बोलते."

खरंच होतं. उत्तर आलं नाही तर सगळा मजकूर तीनदा वाजतो, ही सोय मीच ठेवायला लावली होती, म्हाताऱ्या माणसांना नीट ऐकू यावं म्हणून. यमुनाकाकू त्या तीन वेळांत माझ्याशी बोलून घ्यायच्या. व्यापारी येऊन गेला ते, गुडघा धरला ते, धाकट्याच्या फोनची वाट बघून बघून डोळा लागला ते. मी नमस्कार ताई म्हटलं की त्या नमस्कार म्हणायच्या. हे सगळं त्या इतक्या सहज सांगत होत्या की मला कुठे बघावं कळेना. इतके महिने त्या मला सांगत होत्या आणि तिकडे कुणीच नव्हतं. रोज सकाळी आठला मी माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत असे, रेडिओ लावून, कारण नाहीतर घर फार गप्प वाटतं.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. तो आवाज आधी भरून ठेवलेला आहे, तो ऐकत नाही. पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बोलेल. आणि एक दाबलं नाही तर नाव जाईल, नर्स यायची बंद होईल, गोळ्यांसाठी वरूडला जावं लागेल, आणि त्या गुडघ्याने ते होणार नाही. नाव गाळायचं थांबवता येईल का, हे साहेबांना मी आधीच विचारलं होतं. यंत्राचं आम्ही बघू पण या महिन्यात काही होणार नाही, त्यांना एकदा तरी दाबायला लावा, असं त्यांचं उत्तर होतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आवाज भरलेला आहे हे त्यांना ठाऊक होतं. "तेवढं समजते मले," त्या म्हणाल्या, जराशा रागानेच. एक दाबायचं मात्र त्यांनी कबूल केलं नाही. नाही असंही म्हणाल्या नाहीत. आता कुठे जाशील, राहा, एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. मी राहिले. कढीगोळे झाले, भात झाला. त्यांच्या हातचं तिखट ज्योतीच्या घराइतकं नव्हतं. मी एकटी असते हे त्यांनी दोन प्रश्नांत काढून घेतलं. त्यावर चेहरा पाडला नाही. माझ्या पानात आणखी भात वाढला.

सकाळी मी वरूडच्या गाडीसाठी बॅग भरून ओसरीवर बसले होते. काकूंनी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या आणि फोन मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसल्या. आठ वाजता तो वाजला. त्यांनी तो कानाला लावला नाही, आवाज मोठा केला.

"नमस्कार ताई, मी मंजिरी बोलतेय," मी फोनमधून म्हणाले.

"नमस्कार," काकू फोनला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. फोनमधली मी पुढे बोलत राहिले, तेच मऊ, लाघवी, शेजारी बसून ऐकताना मलाच थोडं खोटं वाटणारं. एकदा संपलं, पुन्हा सुरू झालं. काकूंचा अंगठा एकच्या आकड्यावर होता. दुसऱ्यांदाही त्यांनी सगळं ऐकलं. व्यापाऱ्याचं, गुडघ्याचं काही बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा मी नमस्कार ताई म्हटलं आणि त्यांनी दाबलं. मी माझं नावही पुरतं सांगितलं नव्हतं.

बागेत कामकरी अजून यायचे होते, त्यामुळे अगदी शांत होतं. काकूंनी फोन पदराने पुसला, खाटेवर ठेवला आणि माझ्याकडे वळून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता तू बोल."

लिहून दिलेलं काहीच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि एकदम म्हणाले, "काकू, मला घरी जावंसं वाटत नाही. तिथे माझ्याशी बोलायला कुणी नाही."

"फोनवर तं लय बोलते," काकू म्हणाल्या. मग पुढे सरकून त्यांनी माझ्या खांद्यावरून बॅगेचा पट्टा काढला. "सांग. दुपारून हाय दुसरी गाडी."

मी सांगत गेले. दुपारची गाडीही गेली.